पिवळा गूळ, काळा गूळ आणि आमचा धंदा: सल्ला हवाय

गुऱ्हाळकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे, आजोबांच्या वेळचं. वडील गेल्यावर मी पुण्यातली नोकरी सोडून आलो, त्याला चार वर्षं झाली. पहिल्या सीझनला जे चालत आलं होतं तेच चालू दिलं, म्हणजे हायड्रॉस. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ही सोडियम हायड्रोसल्फाईटची पांढरी पावडर. काहिलीत (मोठ्या कढईत) रस उकळत असताना टाकली की गूळ केशरी-पिवळा, देखणा निघतो. सौद्यात (मार्केट यार्डातल्या लिलावात) रंगाला भाव आहे, चव कुणी बघत नाही. गंमत म्हणजे हा रंग टिकत नाही. तीनचार महिन्यांत गूळ पुन्हा काळपट पडतो, पण तोवर तो गिऱ्हाईकाच्या डब्यात गेलेला असतो. त्यातल्या सल्फर डायऑक्साईडला दहा लाख भागांत ७० भाग अशी कायद्याची मर्यादा आहे. पण आमचा गुळव्या (गूळ शिजवणारा) मुठीनं टाकायचा. मुठीला कसली आलीय मर्यादा?

दुसऱ्या सीझनपासून बंद केलं. आता रानभेंडीचा चीक आणि थोडा चुना, बस्स. मळी (रस उकळताना वर येणारा मळ) नीट काढली आणि ऊस चांगला असला तर सोनेरी-तपकिरी गूळ होतो. ऊसही बदलला. खारवट रानातला आणि उशिरा युरिया मारलेला घेत नाही, को ९२००५ लावतो (हे वाण कोल्हापूरच्याच ऊस व गूळ संशोधन केंद्रातलं).

आता दुखणं. एक टन उसाचा ११०-११२ किलो गूळ पडतो. कारखाना शेतकऱ्याला टनाला ३३०० च्या आसपास देतो, म्हणजे मलाही तेवढे द्यावेच लागतात, नाहीतर ऊस कारखान्याला जाणार. वर तोड आणि वाहतूक ६००. म्हणजे नुसता ऊस काहिलीपर्यंत यायलाच किलोला ३५ रुपये. गुळव्या, जळव्या (जाळ घालणारा), बाकीची माणसं, लाईट, पॅकिंग धरून ४३-४४ ला पडतो. यार्डात माझ्या गुळाला ४० मिळाले. शेजारच्या पिवळ्या गुळाला ४७.

आणि साखर घाऊक ३८ ला मिळते! गुळापेक्षा साखर स्वस्त, म्हणून काहिलीत साखरेची पोती ओतणारे आहेतच. आईचं म्हणणं, "सगळं गाव करतंय, तूच कोण लागून गेलास?"

थोडा माल पुण्यातल्या एका ऑनलाईन विक्रेत्याला ७० नं देतो. तो ११० ला विकतो आणि पैसे चार महिन्यांनी देतो.

प्रश्न असा, की सरळ धंदा करून हे गुऱ्हाळ चालू शकतं का? की हौस म्हणून दोन वर्षं करून बंद करावं?

काकवी_भाकरी
धागा आवडला. मी गिऱ्हाईक, म्हणून माझी कबुली. दहा वर्षांपूर्वी दुकानात "पिवळा द्या हो, तो काळा नको" म्हणणारी मीच. आता "सेंद्रिय" म्हणून काळाकुट्ट गूळ १६० रुपये किलोनं घेते. गेल्या महिन्यातला चक्क खारट लागला आणि चहा नासला. काळा म्हणजे शुद्ध, असंच समजायचं ना?

गुऱ्हाळकर
नाही ताई. गूळ काळा पडायची दहा कारणं आहेत. खारवट रान, शिळा ऊस, मळी न काढणं, चुना जास्त होणं, काहील करपणं. तुमचा खारट लागला म्हणजे बहुतेक रानच तसं. आता काळ्याला भाव आलाय म्हणून मुद्दाम मळी न काढता गूळ उतरवणारेही बघितलेत. आधी पिवळ्याचं सोंग होतं, आता काळ्याचं.

फुकटफौजदार
"रसायनमुक्त" म्हणता आणि चुना घालता. चुना काय झाडाला लागतो? कॅल्शियम हायड्रॉक्साईड हे रसायनच की. पाणीही रसायनच. सगळी जाहिरातबाजी.

ऊनपाऊस
आले फौजदार :)

गुऱ्हाळकर
नाही, फौजदारांचं बरोबर आहे. पिशवीवर "१००% केमिकल फ्री, नॅचरल" असं छापलंय. छापताना चुन्याचा विचारच केला नव्हता. इतरांच्या पिशवीवर होतं, म्हणून माझ्याही.

अडत_दुकान
तीन पिढ्या यार्डात काढल्यात. इथे अडत्याला शिव्या पडायच्या आधी आमची बाजू मांडतो.

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. तेव्हापासून कोल्हापूरच्या गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरात. तिकडच्या पेढीला हवा असतो फिकट पिवळा, कडक, रवाळ गूळ. मी सौद्यात रव्याला (गुळाच्या ढेपेला) चाकू लावतो, तुकडा काढतो, रंग बघतो, हाताला कडकपणा बघतो. दोन मिनिटांत एक वक्कल (एका मालाचा ढीग) संपवायची असते. त्या दोन मिनिटांत हायड्रॉस किती आणि साखर किती हे मला कसं कळणार? प्रयोगशाळेलाही साखरेची भेसळ पकडणं सोपं नाही. गुळात सुक्रोज किमान इतकं हवं असा नियम आहे. साखर घातली की सुक्रोज वाढतंच. म्हणजे भेसळीचा गूळ परीक्षेत जास्त मार्क घेऊन पास!

दुसरं, "कोल्हापुरी गूळ" या नावाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पेढे वाटले. पण सीमेपलीकडचा गूळ कोल्हापुरी नावाच्या बॉक्सात भरून विकला जातोच. मानांकन कागदावर आहे, पण ते वापरायला उत्पादकानं नोंदणी करावी लागते आणि गुऱ्हाळवाल्यांपैकी ती केली किती जणांनी?

गुऱ्हाळकर, तुमचा माल सौद्यात आणूच नका. राग मानू नका, पण ढिगात तुमचा गूळ उभा केला की तो ढिगाच्याच भावानं जाणार. सौदा प्रामाणिकपणाला वेगळा भाव देऊ शकत नाही, कारण त्याला तो दिसत नाही. एक आणि अर्ध्या किलोचे रवे करा, काकवी बाटलीत भरा, थेट विका. मोठा रवा विसरा.

आणि हो, जिल्ह्यात एके काळी हजाराच्या वर गुऱ्हाळं होती. आता मोजून शंभर-दोनशे धुराडी दिसतील. बंद पडलेल्यांत हायड्रॉसवालेही होते. तेव्हा भेसळ केली की धंदा चालतो, हेही खरं नाही.

चिमणी_आणि_चुलवाण
मेकॅनिकलवाला आहे. जळण काय वापरता? चिपाडं (रस काढलेला वाळका ऊस) पुरतात का? काही भागांत टायर, चपलांचं कातरण आणि प्लास्टिक जाळून गुऱ्हाळं चालवतात. तो धूर गुळापेक्षा आधी गावाच्या छातीत जातो.

गुऱ्हाळकर
चिपाडंच. पण पावसानं भिजली की पुरत नाहीत, मग लाकूड विकत.

चिमणी_आणि_चुलवाण
मग चुलवाण (काहिलीखालची भट्टी) बघा. बहुतेक जुन्या चुलवाणांत अर्धी आच धुराड्यातून वाया जाते. एका आचेवर मागेपुढे दोन काहिली बसवल्या की मागचीत रस तापत राहतो आणि पुढचीत गूळ होतो. शेगडीला हवेची भोकं, आतून भाजक्या विटांचं अस्तर. चिपाडं उरायला लागतील, ती विकाल. पर्यावरणाचं नाव घ्यायचीही गरज नाही, पैसाच वाचतो. फोटो टाका, सांगतो.

एडिसनकर
आमच्याकडे देशी दुकानात पिवळी भेली आणि "ऑरगॅनिक" पूड दोन्ही मिळतात. दोन्हींवर कुणाच्या रानातला ऊस ते नाही. वाचतेय.

हिशेबनीस
सीए आहे. तुमच्या चार महिन्यांच्या उधारीवर बोलतो, कारण नैतिक व्यवसाय म्हटलं की सगळे झाडं लावायला पळतात आणि पुरवठादाराचे पैसे वेळेवर द्यायचं सोयीनं विसरतात.

तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? नसेल तर आज करा, फुकट आहे. तुम्ही उत्पादक आहात, सूक्ष्म उद्योगात बसाल. (नुसत्या व्यापाऱ्याला हा फायदा नाही.) लेखी करार नसेल तर खरेदीदारानं १५ दिवसांत पैसे द्यायचे, करार असेल तर जास्तीत जास्त ४५. करारात ९० दिवस लिहिले तरी ४५ च. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. हे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात आहेच, पण कुणी मागत नव्हतं. खरा चिमटा २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून बसला. प्राप्तिकराच्या ४३बी कलमात 'एच' हे पोटकलम आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरत नाहीत, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरतात. म्हणजे मार्चअखेर तुमचे पैसे थकवले तर त्यालाच कर भरावा लागतो.

आता कडू भाग. हा नियम आल्यावर काही बड्या खरेदीदारांनी छोट्यांना सांगितलं, "उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर ऑर्डर बंद." तुमच्याही बाबतीत होऊ शकतं. पण जो "शेतकऱ्याला न्याय" असं पिशवीवर छापतो आणि शेतकऱ्याला १२० दिवस लटकवतो, त्याच्यावर विसंबून किती दिवस राहणार?

पिशवीचंही सांगतो. दिशाभूल करणाऱ्या हरित दाव्यांबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. "नॅचरल", "इकोफ्रेंडली" असं मोघम छापायचं तर पुरावा हवा. फौजदार फुकट असले तरी मुद्दा कायद्याचा आहे.

फुकटफौजदार
धन्यवाद. बिल पाठवतो. मुदत १५ दिवस.

सिंदफणा
सगळे प्रतिसाद वाचले. गुळात काय आहे, पिशवीवर काय आहे, पैसे कधी येतात, सगळ्यावर बोलणं झालं. "तोड आणि वाहतूक ६००" एवढ्या तीन शब्दांत माझे आईवडील येऊन गेले.

मी बीड जिल्ह्यातली. आता संभाजीनगरला नोकरी करते. आईवडील सव्वीस वर्षं कोयत्यावर होते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. दसऱ्याला मुकादम (मजूर पुरवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, ती घरखर्चात, लग्नात, दवाखान्यात संपते आणि मग पाच-सहा महिने ती फेडायची. एक दिवस अंगात ताप म्हणून फडात गेलं नाही तर खाडा. त्या दिवसाची मजुरी तर नाहीच, वर दंड. हिशेब मुकादमाच्या वहीत. वही आईनं कधी बघितली नाही आणि पैसे कायम वडिलांच्या हातात.

खाडा पडू नये म्हणून बायका काय करतात ते तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. माझी मावशी त्यात आहे. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. पाळीत फडात ना आडोसा ना पाणी, पहाटे चारला उठून मोळ्या उचलायच्या. डॉक्टर म्हणाला पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. ऑपरेशनला पैसे मुकादमानंच दिले. उचलीत धरून.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं यावर मोठं लिहिलं, तेव्हा जगभर कळलं की शीतपेयांच्या साखरेपर्यंत हा धागा जातो. मोठ्या कंपन्यांचं जाऊ द्या, त्यांच्याकडे शाश्वततेचे अहवाल लिहायला माणसं आहेत. कारखान्यांकडून निदान ऊसतोड कल्याण महामंडळासाठी टनामागे १० रुपये घ्यायचे ठरलेत. गुऱ्हाळाला तेही नाहीत.

गुऱ्हाळकर, तुम्ही वाईट माणूस वाटत नाही म्हणून विचारते. तुमचा ऊस कोण तोडतं? कुठं राहतात? आंघोळीला कुठं जातात?

ऊनपाऊस
...
वाचनखूण साठवली.

गुऱ्हाळकर
दोन दिवस उत्तर लिहायला जमलं नाही. खरं तर टाळलं.

ताई, आष्टी तालुक्यातले पाच कोयते आहेत. मुकादमाला साडेचार लाख दिले, तो त्यांना किती देतो मला माहीत नव्हतं. काल विचारलं. प्रत्येक जोडीमागे दहा हजार त्यानं ठेवून घेतलेत. ओढ्याच्या कडेला पालं आहेत. पाणी आमच्या बोअरचं. आंघोळीला साड्या लावून आडोसा केलाय. त्यांच्यात दोन पोरं शाळेच्या वयाची आहेत, ती चिपाडं वाळवायला पसरत असतात. मी रोज बघतो. रोज बघून दिसत नव्हतं.

मी गुळाला हायड्रॉस घालत नाही म्हणून छाती काढून फिरत होतो.

रात्री हिशेब मांडला. तोडीला टनाला १०० रुपये वाढवले तर किलोमागे ९० पैसे पडतात. नव्वद पैसे. पिशवीवरचा सोनेरी ठसा काढला तरी त्यापेक्षा जास्त वाचतात. पुढच्या सीझनपासून उचल पद्धतच बंद करून रोखीनं आठवड्याचा पगार द्यावा असं वाटतंय.

सिंदफणा
उचल एकदम बंद करू नका. चांगल्या मनानं केलेली चूक होईल. दसऱ्याला घरात दाणा नसतो, म्हाताऱ्या माणसांना मागं ठेवून यायचं असतं. तुम्ही उचल दिली नाही तर ते दुसऱ्या मुकादमाकडे, कारखान्याला जातील. उचल द्या, पण थेट जोडीला द्या, कागदावर, दोघांच्या सह्या किंवा अंगठे घेऊन. आठवड्याच्या निम्म्या मजुरीतूनच कापा, बाकी हातात द्या. दर शनिवारी शिल्लक किती ते वाचून दाखवा. खाडा बंद. आणि बाईची मजुरी बाईच्या खात्यात. जोडीचा हिशेब म्हणून नाही, तिचा स्वतःचा. यावर पुरुष कुरकुरतील, तुमच्यावर नाही, बायकोवर चिडतील. तेव्हा आधी सगळ्यांसमोर बोला.

पोरांना गावच्या जिल्हा परिषद शाळेत घालता येतं, मधल्या काळातही. हेडमास्तर नाही म्हणू शकत नाही.

अडत_दुकान
मुकादमाला वगळलात तर तो पुढच्या वर्षी माणसं आणू देणार नाही. सांगून ठेवतो.

हिशेबनीस
त्यालाही पगारावर ठेवा. टनाला इतके, हजेरी-देखरेखीचे. चोरवाट बंद केली की सरळ वाट द्यावी लागते.

काकवी_भाकरी
९० पैसे मी देते. पाचशे किलोचे एकदम देते, हवं तर.

गुऱ्हाळकर
*(सीझन संपल्यावर)*

मंडळी, बरेच महिने गायब होतो. काय झालं ते लिहितो, सगळं गोड नाही.

मोठे रवे बंद केले. पाऊण माल एक किलोच्या रव्यात, बाकी काकवी. पुण्या-मुंबईतल्या अकरा सोसायट्यांना थेट देतो, ७५ रुपये, पैसे आधी. (त्यातल्या दोन इथल्याच सभासदांनी जोडून दिल्या, आभारी आहे.) त्या ऑनलाईन विक्रेत्याला ४५ दिवसांचं पत्र पाठवलं. जुने पैसे दिले आणि ऑर्डर बंद केली. तोटा झाला, झोप लागते.

दुसरी काहील अजून बसली नाही, गवंडी मिळेना.

पिशवी बदलली. आता मागे असं छापलंय: "यात ऊस, रानभेंडीचा चीक आणि चुना आहे. हायड्रॉस व साखर घातलेली नाही. प्रत्येक वेळी रंग सारखा नसतो. तोडणीला टनाला किती दिले ते दर हंगामात आमच्या फाटकावर लिहिलेलं असतं." आकडा खरोखरच फाटकावर खडूनं लिहिलाय. शेजारच्या गुऱ्हाळवाल्यानं पहिल्याच आठवड्यात येऊन शिव्या दिल्या, त्याच्याकडची माणसं वाचून गेली म्हणून.

पाचपैकी चार कोयते शेवटपर्यंत राहिले. एक जोडी फेब्रुवारीत रातोरात गेली, तीस हजार फिटायचे होते. आई म्हणाली, बघ, चांगुलपणाची फळं. मुकादम म्हणाला, माणसं पाठवून उचलून आणतो. नको म्हणालो. नंतर कळलं, घरी म्हातारी आजारी होती. पैसे बुडालेत असं धरून चाललोय. राग आलेला नाही असं म्हणणार नाही.

दोन्ही पोरं शाळेत जात होती, एक नियमित, एक मनात आलं तर. न्हाणीघर आणि संडास बांधले, पत्र्याचे.

नफा? हायड्रॉसच्या वर्षांपेक्षा कमी. पण गेल्या वर्षीसारखा खड्डा नाही. पुढचा सीझन करतोय.

फुकटफौजदार
फाटकाचा फोटो टाका. विश्वास नाही.

सिंदफणा
वाचून बरं वाटलं. एकच विचारायचं होतं. न्हाणीघराला कडी आतून आहे ना?

गुऱ्हाळकर
नव्हती ताई. बाहेरून होती. आतून बायका दोरीनं बांधून घ्यायच्या, हे आत्ता चौकशी केल्यावर कळलं. आज दुपारी दोन्हीला आतून बसवल्या.

एडिसनकर
डिसेंबरात भारतात येतेय. संक्रांतीच्या तिळगुळासाठी पाच किलो मिळेल का?

गुऱ्हाळकर
या वर्षीचा संपला. नवा दिवाळीनंतर, गुऱ्हाळ सुरू झालं की. नाव लिहून ठेवतो. काकवीच्या सहा बाटल्या आहेत, त्या चालतील का?